फोकस लाइट: आठ महिने, ४१ डाइव्ह, आणि लुमेनचा नाद सोडला

ऑक्टोबरात सीझन सुरू झाला तेव्हा हा फोकस लाइट, म्हणजे पाण्याखाली फोकस लागावा म्हणून लावायचा दिवा, कॅमेऱ्याच्या हाउसिंगवर (पाणी आत न येणाऱ्या खोळीवर) चढवला आणि मे अखेरीस, मालवणच्या बोटी वर ओढायला लागल्यावर, उतरवला. मधे ४१ डाइव्ह झाल्या. बहुतेक मालवण-तारकर्लीच्या, सहा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाच्या, नऊ अंदमानात. कॅमेरा ऑलिंपस टीजी-६, त्याचं हाउसिंग आणि डाव्या हाताला एक स्ट्रोब (पाण्याखालचा फ्लॅश). मी फोटो काढते ते बारक्या जिवांचेच: न्यूडिब्रँक (रंगीत समुद्री गोगलगाई), झिंगे, बिळातून डोकं काढणारे ब्लेनी मासे.

स्ट्रोब असताना आणखी दिवा कशाला, असं मलाही वाटायचं. पण स्ट्रोब पेटतो तो फोटो निघतो त्या क्षणी, सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता. फोकस त्याच्या आधी लागावा लागतो आणि तेव्हा समोर अंधार असतो. कॅमेरा फिक्या-गडद रंगांची सीमारेषा शोधत असतो. बारा मीटरवर, खडकाच्या पोटाला, गढूळ पाण्यात अशी रेषाच उरत नाही. तांबडा रंग तर वरच्या काही मीटरांतच पाण्याने गिळलेला असतो. खाली सगळं हिरवट-राखाडी. लेन्स पुढे-मागे करत राहते, आणि ती थांबेपर्यंत ब्लेनी आत गेलेला असतो.

पहिला दिवा मी ऑनलाइन घेतला होता. खोक्यावर ५००० लुमेन (लुमेन म्हणजे प्रकाशाचं माप), आत १८६५० आकाराचा लिथियम सेल एकच. तेव्हा हिशोब केला नाही, आता प्रत्येक दिव्याचा करते. चांगला एलईडी एका वॉटमागे साधारण शंभर लुमेन देतो, म्हणजे ५००० लुमेनना ५० वॉट हवेत. ३४०० एमएएचच्या एका सेलमध्ये जेमतेम १२ वॉट-तास असतात. पाव तासही पुरणार नाही, आणि एवढा करंट तो सेल मुळात देणारही नाही. खोक्यावरचा आकडा खोटा होता. पण खरा त्रास निराळाच होता. प्रकाशाच्या मध्यभागी पांढराशुभ्र गोळा आणि भोवती अंधार. न्यूडिब्रँकच्या पाठीवर तो गोळा पडला की तिथला रंग उडालेला आणि शिंगं काळोखात.

आत्ताचा दिवा पूर्ण ताकदीला १२०० लुमेनचा. उजेडाच्या चार पायऱ्या आणि लाल प्रकाश. १८ हजारांना पडला. आठ महिन्यांत पूर्ण ताकद मी फक्त बोटीला इशारा द्यायला वापरली. फोटोसाठी खालच्या दोनच पायऱ्या. म्हणून दिवा निवडताना तो किती वर जातो हे विचारू नका, किती खाली उतरतो ते विचारा. टीजी-६चं अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं भोक) मोठ्या कॅमेऱ्यासारखं हवं तेवढं बंद करता येत नाही, त्यामुळे जोरकस फोकस लाइट सरळ फोटोत शिरतो. मोठ्या कॅमेऱ्यावर एफ-१६, १/२०० सेकंद आणि कमी आयएसओ ठेवलात तर स्ट्रोबपुढे दिव्याचा मागमूस राहत नाही. माझ्यासारख्या छोट्या कॅमेरावाल्यांना मात्र मंद पायरी हवीच हवी.

दुसरी गोष्ट, प्रकाशाची कड. दुकानात किंवा घरी अंधार करून दिवा पांढऱ्या भिंतीवर दोन वीत अंतरावरून मारून बघा. मधे गोळा दिसला, कडेला कंगोरे किंवा पिवळी-निळी वर्तुळं दिसली, तर तो दिवा परत करा. दुधात पाणी मिसळावं तशी कड विरत गेली पाहिजे. माझ्या दिव्याची तशी आहे, आणि त्याचा खरा उपयोग गढूळ पाण्यातच कळतो. डिसेंबरात एका सकाळी आमचे तांडेल म्हणाले, "ताईनू, आज पाणी गढूळ असा, कायव दिसाचा नाय." खाली व्हिजिबिलिटी तीन मीटरसुद्धा नव्हती. दिवा पोर्टच्या (हाउसिंगच्या पुढच्या काचेच्या) वर, आखूड आर्मवर असतो माझा. तो सरळ समोर रोखला की लेन्सपुढचा प्रत्येक कण पेटतो आणि फोटोत बर्फ पडतो. त्या दिवशी दिवा इतका वर उचलला की प्रकाशाची नुसती खालची कड ब्लेनीच्या कपाळाला शिवत होती. तेवढ्या उजेडात डोळ्यावरचे तुरे दिसले, ओठावरचे ठिपके दिसले आणि कॅमेऱ्याने एका दमात फोकस धरला. ब्लेनी जागचा हललाही नाही. वीसएक फोटो मिळाले. त्यातला एक माझ्या टेबलासमोर लावलाय.

लाल प्रकाश म्हणजे दाखवायची चैन, असं मला वाटायचं. अंदमानातल्या हॅवलॉकच्या नाइट डाइव्हने मत बदललं. रात्री पांढरा दिवा लावला की मिनिटाभरात बारीक किडे आणि प्लँक्टन पोर्टसमोर घोंघावायला लागतात, कॅमेरा त्यांच्यावरच फोकस करतो. लाल केला की गर्दी पांगते. झिंग्यांना आणि बऱ्याच माशांना लाल फारसा दिसत नाही, ते आपलं काम चालू ठेवतात. मात्र माझ्या कॅमेऱ्याचा फोकस लाल उजेडात जरा उशिरा लागतो आणि पाणी लाल रंग पटकन पीत असल्याने हातभराच्या पलीकडे उपयोग नाही.

त्याच रात्री एक लायनफिश माझ्या दिव्याच्या झोतात आला आणि उजेडात गोंधळलेला लहान मासा त्याने गट्ट केला. मी बघत राहिले. तो मासा माझ्यामुळे गेला. बहुतेक माशांना पापण्या नसतात, डोळे मिटून घेता येत नाहीत. तेव्हापासून एका जिवावर तीस सेकंदांहून जास्त दिवा ठेवत नाही. समुद्रघोडा दिसला तर दिवा लावतच नाही.

बॅटरी २१७०० आकाराची, ५००० एमएएच. मंद पायरीवर तीन डाइव्ह आरामात जातात. विमानात सेल हँडबॅगेतच, दिव्यातून काढून, प्लास्टिकच्या डबीत. पोर्ट ब्लेअरहून परतताना सुरक्षा तपासणीत डबी उघडून दाखवली, सेलवरचा आकडा वाचला, सोडलं.

वजनाबद्दल तक्रार आहे. पाण्यातही तो जड लागतो, मनगट दुखायचं. आर्मला फोमचा तुकडा बांधल्यावर बरं झालं. बटण हळवं आहे. एकदा बॅगेत दाबलं गेलं आणि टॉवेल चांगलाच तापला होता. पाण्याबाहेर हे दिवे थंड व्हायला वाव नसतो. आता बॅगेत ठेवताना सेल बाहेर.

आणि ओ-रिंग, म्हणजे झाकणातून पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी. फेब्रुवारीत एका डाइव्हनंतर आत चार थेंब सापडले. ओ-रिंग उन्हात धरून नखाने फिरवली तर टॉवेलचा एक पांढरा धागा, पापणीच्या केसाएवढा. दुसरी ओ-रिंग होती म्हणून दिवा वाचला. तरी स्प्रिंगवर हिरवट थर आला तो आलाच. आता ओ-रिंग टॉवेलने पुसत नाही, बोटानेच पुसते. ग्रीस फक्त चमक येईल एवढं. झाकण बोटीवर कधीच उघडायचं नाही. खोलीवर जाऊन, गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून, पूर्ण सुकल्यावर.

पावसाळाभर दिवा कपाटात आहे, सेल वेगळा, अर्धा चार्ज केलेला, दोन्ही ओ-रिंग काढून डबीत. सप्टेंबरात नव्या बसवणार. वाइड फोटोसाठी मात्र याच्या भरवशावर राहू नका, तिथे तो बंदच ठेवावा लागतो.