कडीपाटाची दुरुस्ती करताय? टोकं बघितल्याशिवाय छत बंद करू देऊ नका

ठाण्यात चरई, खारकर आळी, उथळसर भागात जुन्या कडीपाटाच्या (लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेल्या) घरांत राहणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितोय. आमचंही घर तसलंच, तळमजला आणि वर माळा. पावसाची झड लागते त्या बाजूला माळ्याची जमीन दबायला लागली, म्हणून ओळखीतून एक कॉन्ट्रॅक्टर बोलावला. भिंतीतल्या ओलीने कड्यांची टोकं कुजलीत, हे त्याचं निदान बरोबर होतं. प्रत्येक खराब कडीला लागून सागवानाची नवी कडी बोल्टने आवळायची असं ठरलं. निम्म्याहून जास्त पैसे त्याने आगाऊ घेतले.

काम चालू असताना आईला वर येऊच देत नव्हता. "काकू, धूळ आहे, तुम्ही कशाला त्रास घेताय?" आम्ही कामावरून घरी येईपर्यंत खालून प्लायचं छत ठोकून रंगाचा पहिला हातही मारलेला.

पुढच्या पावसाळ्यात पंख्याच्या वायरिंगसाठी इलेक्ट्रिशियनने प्लायचा एक तुकडा काढला. आत नवं लाकूड होतं, पण भिंतीच्या वीतभर अलीकडेच संपलेलं. म्हणजे माळ्याचा सगळा भार अजून त्याच कुजक्या टोकांवर! बोल्ट एकही नाही, नुसते खिळे. कुजलेल्या जागी पुट्टी भरून वर रंग फासलेला; स्क्रू ड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. आणि ते सागवान? कापलेलं टोक आतून पांढरटफटक, वरून नुसता पॉलिशचा रंग. त्या माळ्यावर माझी आई झोपत होती. पैसे गेले त्याहून ह्या गोष्टीचा संताप जास्त आहे.

जोडकडी, म्हणजे जुन्या कडीला लागून लावलेली नवी कडी, दोन्ही टोकांना भिंतीत किंवा तुळईवर नीट टेकलीच पाहिजे, मधेच संपली तर तिचा काही उपयोग नाही. छत बंद होण्याआधी प्रत्येक टोक स्वतः टोचून बघा, फोटो काढा, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि मगच पुढचा हप्ता द्या. भिंतीतली ओल आधी बंद करून घ्या, नाहीतर नवं लाकूडही कुजणार. बिनबिलाचं काम स्वस्त पडेल म्हणून कोणी सांगितलं तरी ऐकू नका. आमच्या बिलावर 'सागवान' लिहिलेलं आहे, त्याच जोरावर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. त्यासाठी 2 वर्षांची मुदत असते, आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.