ब्लॅक सॅबथचा '13': आयोमीच्या हातासाठी घ्या

ऑझी ऑझबर्नच्या आवाजासाठी '13' घेणार असाल तर थोडी निराशा होईल. टोनी आयोमीच्या गिटारसाठी घेणार असाल तर आजच घ्या. ब्लॅक सॅबथ या इंग्लंडच्या हेवी मेटल बँडचा 2013च्या जूनमध्ये आलेला हा अल्बम; ऑझी त्यांचा गायक, आयोमी गिटारवादक. त्याआधी ऑझी ब्लॅक सॅबथच्या स्टुडिओ अल्बमवर शेवटचा गायला तो 1978च्या 'नेव्हर से डाय!'वर. मध्ये पस्तीस वर्षं गेली. एवढ्या काळाने जुनी मंडळी एकत्र आली की बहुतेक वेळा जुन्या नावावर तिकिटं खपतात आणि नवी रेकॉर्ड कपाटात जाते. ही माझ्या कपाटात गेली नाही. मकरपुऱ्याला कामावर जाताना गाडीत अजूनही हीच लागते.

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, मी बरीच वर्षं पत्र्याच्या प्रेसवर होतो, आता टूलरूममध्ये डाय, म्हणजे प्रेसचे साचे, बघतो. त्यामुळे आयोमीची गोष्ट मला इतरांपेक्षा जास्त लागते. बर्मिंगहॅमचा हा पोरगा सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. नोकरीचा शेवटचा दिवस होता. प्रेसवरची बाई आली नव्हती, म्हणून सवय नसताना याला तिथे उभं केलं. जेवायला घरी गेला तेव्हा परत जायचं त्याच्या मनात नव्हतं; आई म्हणाली, काम पुरं करून ये. तो गेला, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाची व अनामिकेची टोकं मशीनमध्ये गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. आमच्याकडे आता दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय रॅम, म्हणजे प्रेसचा वरचा दाबणारा भाग, खाली येत नाही, तरी नवा मुलगा प्रेसवर आला की मी त्याच्या बोटांकडेच बघत राहतो.

पुढे फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली. आगीत हात भाजून दोन बोटं जवळजवळ निकामी झालेला तो गिटारवादक. ती ऐकून आयोमी उठला. भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोप्या केल्या, डाग देऊन त्या बेतल्या, वर चामडं चिकटवलं, बारीक तारा लावल्या. काही वर्षांनी गिटारच खालच्या सुरात उतरवली, म्हणजे तारा सैल पडतात आणि बोटांना कमी जोर लागतो. हेवी मेटल म्हटलं की जो जाड, खाली दबलेला आवाज कानात येतो, तो बऱ्याच अंशी या दुरुस्तीतून आलेला आहे. आमच्या टूलरूममधल्या कुणालाही हे ऐकवा, तो मान हलवेल. भाग नसेल तर बनवायचा, हे आम्हाला समजतं.

'13' करतानाही त्या माणसाची परीक्षाच होती. 11 नोव्हेंबर 2011 रोजी लॉस एंजेलिसमध्ये बँडच्या मूळ चौघांनी मिळून पुन्हा एकत्र येत असल्याचं जाहीर केलं आणि 2012 उजाडताच आयोमीला लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, निघाला. केमोथेरपी सुरू झाली. उपचार इंग्लंडमध्ये, म्हणून बाकीचे उठून तिकडे गेले आणि गाण्यांचं काम त्याच्या घरच्या स्टुडिओत चालू राहिलं. त्या अवस्थेतल्या माणसाने 'एज ऑफ रीझन'च्या शेवटचा सोलो, म्हणजे गिटारचा एकट्याचा तुकडा, वाजवलाय. सात मिनिटांचं गाणं आहे. शेवटाकडे मागे सूर पसरतात आणि गिटार वर चढते. घाई कुठेही नाही. एकेक सूर पूर्ण वाजल्याशिवाय तो पुढचा घेत नाही. मी हा भाग गाडी बाजूला घेऊनही ऐकलाय.

निर्माता रिक रुबिन. त्याने या मंडळींना बसवून त्यांचाच 1970चा पहिला अल्बम ऐकवला आणि हेवी मेटल नावाचं काही अजून जन्मलेलंच नाही असं समजून वाजवा म्हणाला. याचा फायदा झाला आणि तोटाही. फायदा 'डॅमेज्ड सोल'मध्ये दिसतो. जवळजवळ आठ मिनिटांचा संथ ब्लूज, ऑझी माउथ ऑर्गन वाजवतो, गीझर बटलरचा बास गिटारच्या अंगावर धावून जातो आणि तिघं एकमेकांचं ऐकत वाजवताहेत हे कळतं. अल्बममधलं सगळ्यात जिवंत गाणं हेच. तोटा असा की काही ठिकाणी जुन्याची नक्कल होते. 'झाइटगाइस्ट' ऐकताना 1970चं 'प्लॅनेट कॅरव्हॅन' इतकं आठवतं की नवं गाणं बाजूलाच राहतं. पहिलं गाणं 'एंड ऑफ द बिगिनिंग' तर बँडच्या नावाच्या त्या पहिल्यावहिल्या गाण्याच्याच पावलांवर चालतं: तसेच जड, सुटे सूर, मध्ये तशीच शांतता. मात्र मधेच वेग बदलला की रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी सुरावट, स्वतःचं बोलू लागते आणि तक्रार उरत नाही. 'गॉड इज डेड?' जवळपास नऊ मिनिटं चालतं. त्याला ग्रॅमी मिळालं, ते योग्यच झालं. 'लोनर' आणि 'लिव्ह फॉरएव्हर' ठीक.

आता खरी उणीव. बँडचा मूळ ड्रमर बिल वॉर्ड नाही. करार मान्य नाही म्हणून 2012मध्येच तो बाजूला झाला आणि ड्रमवर रेज अगेन्स्ट द मशीन या बँडचा ब्रॅड विल्क आला. त्या भांडणात कोण बरोबर, यात मी पडत नाही. ऐकणाऱ्याचं नुकसान मात्र झालं. माझे मामा सूरसागरच्या काठावरच्या म्युझिक कॉलेजात तबला शिकले. मौलाबक्षांच्या 1886च्या गायनशाळेपासून चालत आलेलं ते कॉलेज. असलं संगीत ते एरवी ऐकत नाहीत. दांडिया बाजारच्या घरी त्यांना मी आधी 1970चा अल्बम लावून दिला आणि मग हा. डोळे मिटून दोन्ही ऐकले त्यांनी.

"मामा, कसा वाटला नवा?"

"हात स्वच्छ आहे रे याचा, लय हलत नाही. पण ठेका धरून बसलाय. तो जुना होता ना, तो गिटारवाल्याला प्रश्न विचारत होता."

मला इतकी वर्षं जे जाणवत होतं ते त्यांनी एका बैठकीत सांगितलं. वॉर्डच्या हातात जॅझ होता. रिफ संथ असली तरी तो तिच्या आतून खेळायचा, मधल्या जागा भरायचा, कधी मुद्दाम मागे राहायचा. विल्क वजनदार वाजवतो, चुकत कुठेच नाही, आणि पाहुण्याच्या मर्यादेत राहतो. 'डॅमेज्ड सोल'मध्ये थोडा मोकळा होतो, तेवढंच.

ऑझी तेव्हा चौसष्ट वर्षांचा होता. 'सॅबथ ब्लडी सॅबथ'मधली उंची आता नाही आणि ती गाठायचा प्रयत्नही तो करत नाही, हे मला आवडलं. मधल्या पट्टीत, जवळजवळ मंत्र म्हटल्यासारखं गातो. बटलरचे शब्द देव, मरण आणि शंका यांच्याभोवती फिरतात, त्यांना हा थकलेला आवाज शोभतो. 'डिअर फादर'मध्ये तर तोच हवा होता. पाद्र्याकडून लहानपणी अत्याचार सोसलेल्या माणसाचं ते गाणं आहे. ते संपतं तेव्हा पाऊस, गडगडाट आणि चर्चची घंटा ऐकू येते. 1970चा पहिला अल्बम याच आवाजांनी सुरू झाला होता.

सीडीबद्दल मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. आवाज सगळीकडे सारखाच मोठा करून ठेवलाय. हळू भाग आणि जोराचा भाग यांत जे अंतर असायला हवं ते दाबून टाकलंय. हेडफोनवर सलग ऐकलं की कान शिणतात. केमोथेरपी घेत असताना एका माणसाने इतक्या बारकाईने वाजवलेले सूर असे सपाट करायला नको होते, याचा मला राग आहे. घरच्या मोठ्या स्पीकरवर आवाज थोडा कमी ठेवून ऐका, बास बराच सुटा होतो.

इंग्लंडमध्ये हा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, 1970च्या 'पॅरानॉइड'नंतर पहिल्यांदा. अमेरिकेत तर त्यांचा पहिला क्रमांक हाच पहिला. 5 जुलै 2025 रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियमवर मूळचे चौघं एकत्र वाजवले, वॉर्डसुद्धा, आणि त्याच महिन्याच्या 22 तारखेला ऑझी गेला. तेव्हा ऑझीसोबतचा स्टुडिओतला शेवटचा अल्बम म्हणून '13'च राहणार.

डिलक्स आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. त्यात तीन गाणी जास्त आहेत आणि 'मेथॅडेमिक' हे त्यातलं 'लिव्ह फॉरएव्हर'पेक्षा चांगलं आहे. घरात नव्याने ऐकणारं कुणी असेल तर पहिल्या गाण्यापासून सुरू करू नका. आधी 'डॅमेज्ड सोल', मग 'एज ऑफ रीझन', मग 'गॉड इज डेड?'. 'झाइटगाइस्ट' वगळलं तरी चालेल.