टेस्ट बघायला कुठं बसायचं? बेळगावच्या टिळकवाडीतलं टीव्हीचं हॉटेल

दुसऱ्या रेल्वे गेटजवळ सलूनला लागून जे छोटं हॉटेल आहे त्याचं बोर्डावरचं नाव गल्लीत कुणी घेत नाही, सगळे टीव्हीचं हॉटेलच म्हणतात, म्हणून मी पण तेच म्हणतो. 2025 च्या जून ते ऑगस्टमध्ये आपली टीम इंग्लंडला गेलेली तेव्हा पाचही टेस्ट जमेल तेवढ्या इथंच बसून बघितल्या, आणि बऱ्याच जणांनी विचारलं की बाबा कसं आहे ते, जेवण बरं आहे काय, फॅमिलीला नेऊ काय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी टायमिंग बघा, कारण ह्या हॉटेलचं सगळं त्यावरच चालतंय. इंग्लंडात सकाळी अकराला खेळ सुरू म्हणजे आपल्याकडं दुपारचे साडेतीन. त्यांचं लंच आपल्या साडेपाचला, त्यांचा टी आठ वाजून दहा मिनिटांनी, स्टंप्स साडेदहाला आणि ओव्हरी राहिल्या तर अकरा. म्हणजे ते जेवायला जातात तेव्हा आपल्याला चहा पाहिजे आणि ते चहाला जातात तेव्हा आपल्याला भाकरी पाहिजे. बाकीच्या हॉटेलवाल्यांना ह्याचं काय पडलेलं नसतंय, टीव्ही लावलाय म्हणजे झालं. इथल्या मालकानं मात्र भट्टीच सेशनवर लावलीय. सव्वापाचला कढईत तेल तापायला ठेवणार आणि अंपायरनी बेल्स काढल्या की मिरची भजीचा पहिला घाणा बाहेर.

भजी खरंच एक नंबर. लांब पोपटी मिरची, मधून चिरून बी काढलेली, आत ओवा-मीठ आणि चिंचेचा हात लावलेला, पीठ घट्ट. वरनं कुरकुरीत आणि आतली मिरची शिजलेली, कच्ची नाही, बऱ्याच ठिकाणी इथंच गडबड असते. दुसरा घाणा पहिल्यापेक्षा चांगला येतोय हे आपलं निरीक्षण, तेव्हा पहिल्यावर तुटून पडू नका. सोबत गिरमिट घ्या, चुरमुऱ्यावर चिंच-गुळाचं पाणी आणि फुटाण्याचं पीठ मारून देतात, खरं लगेच खायचं, रिव्ह्यू बघत बसलात की पाच मिनिटांत मऊ पडतंय. चहा बाय टू, म्हणजे एकाचा दोघांत, मागितला तरी तोंड वाकडं करत नाहीत, आणि मेन म्हणजे एका बाय टू वर दीड तास बसलात तरी कुणी फडकं घेऊन टेबलाभोवती घिरट्या घालत नाही. टेस्ट बघायच्या हॉटेलात माझ्या मते हे जेवणापेक्षा महत्त्वाचं आहे. वनडे-टी20 कुठं पण उभा राहून बघता येते, पण जडेजा डिफेन्स करायला लागला की माणसाला बूड टेकायला जागा पाहिजे.

लॉर्ड्सचा पाचवा दिवसच घ्या की. 193 करायच्या होत्या आणि लंचला आपले 112 ला आठ. भजी आली तेव्हा निम्मी माणसं उठायच्या तयारीत, कुणी तर रेनकोट पण चढवलेला. मग लंचनंतर बुमरा आला आणि 54 बॉल खेळून काढले, पाच रन, आणि जडेजा एका बाजूला उभाच. रेनकोटवाला परत बसला. आठनंतर सगळे भाकरी विसरलेले, थाळीत आमटी गार झालेली, आणि सिराजनं बशीरचा बॉल बॅटनं नीट अडवला तरी तो गोल फिरत मागं गेला आणि स्टंपला लागून बेल पडली. 22 रन्सनी गेली मॅच. जडेजा 61 नॉट आऊट. त्या दिवशी मालकानं गल्ल्यावर कुणाशी पैशावरनं वाद घातला नाही एवढं सांगतो.

आता टीव्ही. 55 इंची आहे, पिक्चर स्वच्छ, खरं लावलाय कुठं तर वॉश बेसिनच्या डोक्यावर! म्हणजे कुणी पण हात धुवायला उठला की त्याचं डोकं सरळ मिडविकेटला. लोकं चूळ भरताना मान वर करून रिप्ले बघत तिथंच थांबतात आणि मागून सगळे ओरडतात ए सरक की बाजूला. डाव्या हाताचं भिंतीकडचं दुसरं टेबल सगळ्यात बेस्ट, तिथनं डोकं आडवं येत नाही आणि फॅन पण बरोबर वर आहे. कॉमेंट्री हिंदी का इंग्लिश हा वाद रोजचा, जो आधी येईल त्याचं चालतं. आतला मिक्सर सुरू झाला की दोन्ही ऐकू येत नाही.

सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे इथं मॅच अ‍ॅपवर लावतात आणि शेजारच्या सलूनमध्ये छतावरची डिश अँटेना आहे. अ‍ॅपवरचं चित्र अर्धा मिनिट मागं असतंय. सलूनमधनं आरडाओरडा झाला की आपल्याला कळतंय काहीतरी झालं, फक्त काय झालं ते कळत नाही. ओव्हलच्या शेवटच्या दिवशी, 4 ऑगस्ट, सोमवार, हाफ डे टाकून माणसं आलेली, हॉटेल साडेतीनच्या आधीच भरलेलं. त्यांना 35 रन्स पाहिजेत, आपल्याला चार विकेट. वोक्स खांदा निखळलेला, एक हात झोळीत घालून स्वेटरच्या आत, दुसऱ्या हातात बॅट घेऊन शेवटचा आला, तेव्हा 17 बाकी. अ‍ॅटकिन्सननं सिक्स मारला, आकाशदीपचा हात लागून बाहेर गेला, आमच्या इथं सगळे डोक्याला हात लावून. आणि मग सिराज रनअपला जातोय, अजून पळायला सुरुवात पण केली नाही, तोवर सलूनमध्ये बोंब! एका गिऱ्हाईकाच्या निम्म्या गालाला साबण तसाच, ते बाहेर येऊन नाचायला लागलं. आता ह्याचा अर्थ काय लावायचा? मग आमच्या टीव्हीवर यॉर्कर पडला, ऑफ स्टंप उडाला, 6 रन्सनी जिंकलो, सिरीज 2-2. आम्ही पण ओरडलो, खरं शिळी बातमी ऐकून ओरडल्यासारखं. मालक, तुमचं सगळं चांगलं आहे, ते डिश तेवढं बसवून घ्या हो.

गिऱ्हाईक कसलं येतंय ते पण सांगायला पाहिजे. अनगोळ, वडगावची पोरं, उद्यमबागेतनं शिफ्ट सुटलेले, रिटायर मास्तर मंडळी, मराठी-कन्नड सगळं एकाच टेबलावर आणि एकाच वाक्यात. आपल्या भागात मराठी माणूस मुंबईच्या प्लेअरला जरा जास्तच जवळचा मानतो हे खरं आहे, जैस्वालनं लीड्सला 101 मारल्या तेव्हा आमच्या टेबलाचा आवाज वेगळा होता. ह्या दौऱ्यात मात्र कर्नाटकची तीन पोरं होती, राहुल, प्रसिद्ध कृष्णा आणि करुण नायर. राहुलनं सिरीजमध्ये 532 केल्या, लीड्स आणि लॉर्ड्सला शतक, मँचेस्टरला 90, तेव्हा कोपऱ्यातले कन्नड बोलणारे काका मुद्दाम आमच्याकडं वळून चहा सांगायचे, आमच्या टेबलाला पण. करुणवरनं जास्त भांडणं. 2016 ला ह्याच इंग्लंडविरुद्ध चेन्नईत 303 नाबाद मारलेला माणूस, मग टीममधनं गायब, मधे विदर्भाकडनं रणजी जिंकला, आणि आठ वर्षांनी परत आला तो लीड्सला पहिल्या इनिंगला झिरो. काका म्हणायचे आमचा आहे, शून्य झाला की म्हणायचे तो विदर्भाचा. ओव्हलला 57 केल्या तेव्हा परत आमचा झाला. असलं ऐकायला घरी मिळत नाही.

रात्रीची थाळी: जोंधळ्याची भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरलं वांगं, आमटी, भात, शेंगा चटणी, दही. भाकरी आत मावशी हातावर थापून करतात, तव्यावरनं थेट ताटात, पापुद्रा सुटलेला. वांगं तेल सोडतंय, शेंगदाण्याचं कूट बारीक, मसाला तिखट आहे, बाहेरगावच्या पाहुण्याला आधीच सांगा. अडचण एकच, टी ब्रेक वीसच मिनिटांचा आणि तेवढ्यात सगळ्यांनाच भाकरी पाहिजे. मावशी एकट्या, दोन चुली. म्हणून ड्रिंक्सलाच सांगून ठेवायचं, नाहीतर शेवटचं सेशन सुरू होऊन चार ओव्हरी झाल्यावर ताट येतंय. मँचेस्टरला शेवटच्या दिवशी, रविवार होता, जडेजा आणि सुंदर खेळायला लागल्यावर त्यांचा कॅप्टन स्टोक्स मॅच ड्रॉ करायला हात मिळवायला आला आणि ह्यांनी नको म्हटलं, जडेजा 89 वर, सुंदर 80 वर, तेव्हा मावशी पण पीठाचे हात घेऊन बाहेर येऊन उभ्या, आणि भाकरी आत करपली. दोघांची शंभरी झाली. करपलेली भाकरी पण खाल्ली सगळ्यांनी.

पावसाचं आता काय बोलायचं, जुलैत आपल्याकडं करंट जाणारच. इन्व्हर्टर आहे, टीव्ही आणि एक लाईट चालतो, फॅन बंद. वाय-फायचा डब्बा इन्व्हर्टरवर घ्यायला त्यांना एजबॅस्टनची टेस्ट उजाडावी लागली, तो गिल 269 वर खेळत असताना. त्यानंतर त्रास नाही. फॅमिलीला दुपारी न्या, रात्री नको, शिव्या ऐकू येतात. पार्किंग नाहीच, गाडी गल्लीत लावा आणि कुणाच्या दारासमोर नको.

साधारण दीडशेत माणूस भजी, चहा, थाळी सगळं करून उठतो. बिल मात्र लिहून ठेवत नाहीत, पोरगं तोंडी हिशोब करतंय आणि मॅच टाईट असली की त्याचं पण लक्ष टीव्हीकडंच, मला एकदा शेजारच्याच्या दोन प्लेट भजी लागलेल्या. पाचात चार देतो, एक स्टार डिशसाठी राखून ठेवलाय. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्याला मेलबर्न, सिडनीची मॅच पहाटे पाचला असते, तेव्हा पण हे अर्धं शटर वर करून चहा देतात, फक्त भजी सातच्या आधी मागू नका, मालक चिडतात.