एमएलबी द शो १९ : रोजच्या अर्ध्या तासात अख्खा सीझन
अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलवरच्या या व्हिडिओ गेममध्ये नऊ इनिंगचा पूर्ण सामना खेळायचा तर माझा पाऊण तास सहज जातो. सीझनमध्ये सामने १६२! म्हणजे १२० तासांहून जास्त. मुलगी झोपल्यावर मला जेमतेम अर्धा तास मिळतो, त्यामुळे ‘मार्च टू ऑक्टोबर’ हा मोड मला मनापासून आवडला. थेट मोक्याच्या क्षणी आणून सोडतात: शेवटच्या इनिंग, आपले दोघं धावपटू बेसवर (धावेच्या वाटेतल्या टप्प्यांवर), बॅट आपल्या हातात. दहा-पंधरा मिनिटांत निकाल, मधले सामने गेम स्वतःच खेळून टाकतो. एकाच खेळाडूचं करिअर घडवायचं असेल तर ‘रोड टू द शो’ही तितकाच आटोपशीर. पण पहिल्या चेंडूपासून स्वतः पिचर (चेंडू टाकणारा) सांभाळत, त्याचा दमसास जपत जिंकलेला सामना वेगळाच! त्यासाठी मी रविवारची दुपार राखून ठेवते.