सरकत्या खिडक्या झकास, खटका भिकार – आठ महिन्यांनंतर

परवा गाडीला मागे बसवलेल्या डाव्या सरकत्या खिडकीचा खटका तुटला म्हणून हे लिहायला बसलोय. नसता तुटला तर बहुतेक लिहिलंच नसतं, कारण नीट चाललेल्या वस्तूची आठवण कोण काढतंय.

गाडी लँड रोव्हरची जुनी डिफेंडर ११०, हार्डटॉप, म्हणजे पुढच्या दोन दारांना काच आणि त्यामागे सगळा नुसता पत्रा. ज्यांच्याकडे आहे त्यांना माहितीये, मागे बसणारा माणूस पिंपात बसल्यासारखा असतो, ना हवा ना उजेड, आणि वळणं सुरू झाली की बिचारा पाचव्या मिनिटाला पांढराफटक. मी कित्येक वर्षं म्हणत राहिलो की मागे सामान असतं, सामानाला कशाला हवी खिडकी. मग एका प्रवासात आईला मागे बसावं लागलं. उतरल्यावर एवढंच म्हणाली, "अरे, आपण कुठून कुठे आलो ते तरी कळू दे मला." त्या रात्री मी मागच्या खिडक्यांचं किट शोधायला बसलो.

फिक्स काच स्वस्त पडते, पण नुसता उजेड येऊन काय करायचं, हवा पाहिजे, म्हणून सरकती घेतली. त्यातही दोन प्रकार होते. एक भारीतलं, दुसरं हलकं, आणि फरक वाचला तर काच तीच, टफन्ड, फ्रेम तीच, रबर तेच, फक्त खटका धातूचा की प्लास्टिकचा एवढाच. म्हणलं एवढ्याशा खटक्यासाठी कोण जास्त पैसे देतंय. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

पत्रा कापणे. हे स्वतः केलं आणि परत करायची वेळ आली तर परत करीन, पण पहिलं भोक पाडताना हात थरथरला हे खरंय. आधी पुठ्ठ्याचा साचा केला, बाहेरून लावला, आतून लावला, कुठे वायर किंवा पट्टी आड येते का बघितलं, परत बाहेरून लावला. मग मास्किंग टेप, त्यावर पेन्सिल, चार कोपऱ्यांत भोकं आणि जिगसॉ, म्हणजे विजेवर चालणारी बारीक पात्याची करवत. कोपरे गोलच ठेवायचे, काटकोनात कापलं तर हादऱ्यांनी तिथूनच चीर सुरू होते. अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्यामुळे ब्लेडच्या दातांत चिकटून बसतं आणि मग ब्लेड कापायच्या ऐवजी घासत बसतं, त्यावर साधा उपाय म्हणजे ब्लेडवर मेणबत्ती घासायची. लोण्यासारखं नाही, पण बऱ्यापैकी सरळ कापलं गेलं. चकाकणारा चुरा मात्र आठ महिन्यांनंतर अजून सीटखाली सापडतोय.

कापलेली कड कानशीने घासून घ्या आणि त्यावर एच (etch) प्रायमर मारा, म्हणजे धातूला धरून बसणारा पहिला थर, साधा रंग उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर टिकत नाही. "अ‍ॅल्युमिनियमची बॉडी आहे, गंजायचा प्रश्नच नाही" असं म्हणणारे बरेच भेटतात. १९४८ मध्ये पहिली लँड रोव्हर आली तेव्हा युद्धानंतर स्टीलचा तुटवडा होता म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू वापरला, हे बरोबर. पण त्यात स्टीलचा स्क्रू घुसवा, वर थोडं पाणी पडू द्या, स्क्रू शाबूत राहतो आणि भोवतीच्या पत्र्याची पांढरी भुकटी होते. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल, झाली बॅटरी तयार. स्टेनलेस स्क्रू वापरले तरी तेच. मी प्रत्येक स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर टाकलाय, वेळ गेला, पण आतापर्यंत भुकटी कुठे दिसली नाही.

बसवणं त्यामानाने सोपं. बाहेरून फ्रेम, तिच्यामागे ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी), आतून रिंग, आणि रिंगचे स्क्रू चाकाच्या नटांसारखे समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे. मी उजव्या खिडकीला जोश दाखवला आणि फ्रेमच वाकली, काच अर्ध्यात अडकली. अर्धा आटा सैल केला, सुटली. सिलिकॉन वापरणारच असाल तर व्हिनेगरसारखा वास मारणारं घेऊ नका, ते वाळताना अ‍ॅसिड सोडतं आणि पत्रा खातं, न्यूट्रल मिळतं ते घ्या.

आता पहिला पाऊस. डावीकडे आत पाणी. खालच्या चॅनलमध्ये तळं साचलेलं आणि ब्रेक मारला की सगळं पुढे येऊन थेट मांडीवर. मी किटच्या कंपनीला तीन परिच्छेदांचा मेल ठोकला, त्यात फसवणूक हा शब्द दोनदा होता. मग उजवीकडे तसं का होत नाही म्हणून बॅटरी घेऊन बघायला गेलो. तर चॅनलला बाहेरच्या बाजूने बारीक खाचा असतात, चॅनलमध्ये पाणी येणारच हे त्यांनी धरलेलंच असतं आणि ते त्या खाचांतून बाहेर जातं. डावीकडच्या खाचा मी स्वतःच्या हातांनी, जास्तीची काळजी म्हणून, सीलंटने लिंपून टाकल्या होत्या! दात कोरायच्या काडीने उकरून काढल्या, त्यानंतर एक थेंब नाही. तेव्हा गळतीबद्दल माझं आधीचं मत मी मागे घेतोय. कंपनीलाही कळवलं, पण एका ओळीत. चिखलातून आलात की मात्र त्या खाचा साफ करा, बुजतातच.

आणि काच जड सरकते म्हणून तेल मारू नका. माझ्या मित्राने मदत म्हणून मारलं. काच ज्यातून सरकते त्या लोकरीसारख्या पट्टीत, फेल्टमध्ये, तेल आणि धूळ मिळून पॉलिश पेपर तयार होतो आणि खिडकीचं ईपीडीएम जातीचं रबर खनिज तेलाने फुगतं. कोरडा सिलिकॉन स्प्रे मारायचा, तोही कपड्यावर घेऊन.

वापरायला कशा आहेत? खरं सांगतो, एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. पार्किंगमध्ये दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं उघड्या ठेवल्या की गाडी भट्टी होत नाही, आणि रात्री गाडीत झोपलं तर सकाळी छतावरून घाम टपकायचा तो जवळजवळ बंद झाला. वेगात एकच खिडकी उघडली तर मात्र कानात धब धब धब सुरू होतं, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखं पण कानठळ्या बसवणारं, दुसरी खिडकी थोडी उघडली की थांबतं. आणि कच्च्या रस्त्यावर मागच्या खिडक्या बंदच ठेवा. अशा खोक्यासारख्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, उडालेली धूळ गाडीच्या मागेच घोटाळत राहते, त्यात खिडक्या आतली हवा बाहेर ओढतात आणि तिची जागा भरायला मागच्या दाराच्या फटीतून धूळ, कधी सायलेन्सरचा धूरसुद्धा, आत येतो. पुढची हवेची झडप उघडी आणि ब्लोअर चालू ठेवा, म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त राहतो. आईची तक्रार संपलीये, आता ती मागेच बसते आणि रस्ता मी चुकलो की सगळ्यात आधी तीच सांगते.

तर खटका. अंगठ्याच्या नखाएवढा प्लास्टिकचा आकडा, मागे स्प्रिंग. अंगठ्याने दाबायचा, आकडा सुटतो, काच मागे सरकते. सगळा भार येतो आकड्याच्या मानेवर आणि ती मान आगपेटीच्या काडीएवढी. एवढी मोठी काच, एवढी भक्कम फ्रेम, मी कापलेला पत्रा, लावलेले बावीस वॉशर, आणि हे सगळं बंद ठेवायची जबाबदारी त्या काडीवर! तुटला तो साध्या रस्त्यावर, खड्डासुद्धा नव्हता. त्यानंतर चढ आला की खिडकी आपोआप उघडी, उतार आला की धाडकन बंद, सिग्नलला ब्रेक मारला की परत धाडकन. घरी पोचेपर्यंत आई एका हाताने काच धरून बसली होती.

कंपनीला लिहिलं. बिल मागितलं, दिलं. फोटो मागितले, दिले. तुटताना कसा तुटला त्याचा व्हिडिओ मागितला, आता तो कुठून आणू? शेवटी उत्तर आलं की खटका सुटा मिळत नाही, सरकती काच पूर्ण घ्यावी लागेल, आणि हलणारे भाग वॉरंटीत येत नाहीत. सरकत्या खिडकीचा हलणारा भाग वॉरंटीत नाही! मग वॉरंटी कशाची, न हलणाऱ्या काचेची? भारीतल्या किटचा धातूचा खटका तरी द्या म्हणलं, तर तोही त्याच्या काचेसकटच.

पूर्ण काच घेणार नाही हे मी तिथेच ठरवलं. स्वयंपाकघरातला भाजी चिरायचा पांढरा प्लास्टिकचा बोर्ड, कड खराब झालेला, बायकोने टाकायला काढलेलाच होता. ते प्लास्टिक चिवट असतं, वाकतं पण काडकन मोडत नाही. एक तुकडा कापला, जुन्या आकड्यावर ठेवून आखला, मान दुप्पट जाड केली, कानशीने घासला. पहिला चिकटवला, दुसऱ्या दिवशी खाली पडला, कारण त्या प्लास्टिकला साधा कुठलाच गोंद धरत नाही. दुसरा बारीक स्क्रूने बसवला. पंधरा दिवस झाले, घट्ट आहे, दिसायला भयाण आहे.

किट घ्यायचं असेल तर जरूर घ्या, फक्त पत्र्याला जिगसॉ लावायच्या आधी विकणाऱ्याकडून लेखी घ्या की खटका सुटा मिळतो. मी हे तेव्हा विचारलं असतं तर भारीतलं किटच घेतलं असतं, कदाचित. बोर्डाचे अजून तीन तुकडे कापून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलेत, कारण उजवीकडचा खटका अजून कंपनीचाच आहे आणि हल्ली तो दाबला की बारीकसा कट् असा आवाज येतो.