पाण्यातलं फिनॉल आणि डबल बीम स्पेक्ट्रोफोटोमीटर: उन्हाळा-पावसाळा काढल्यावर

लातूरच्या आमच्या पाणी तपासणीच्या लॅबमध्ये डबल बीम स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे नमुना किती प्रकाश शोषतो ते मोजणारं मशीन, उन्हाळ्याच्या तोंडाशी आलं. पाण्यातलं फिनॉल हे विषारी रसायन मोजायला घेतलं होतं आणि त्या कामाला चोख आहे. फक्त कुठपर्यंत, ते घेण्याआधी समजून घ्या.

फिनॉल २७० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा (अतिनील) प्रकाश शोषतं. लिटरमागे १ मिलिग्रॅम असेल तर १ सेंटिमीटरच्या सेलमध्ये (नमुना भरायच्या पारदर्शक डबीत) शोषणाचं रीडिंग जेमतेम ०.०१५. सेल १० सेंटिमीटरची लावली की तेच दहापट, म्हणून लांब सेलचा होल्डर मशीनसोबतच मागा. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्याची मर्यादा १ मिलिग्रॅम आहे, तिथे काम आरामात होतं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा मात्र ०.००१, ती थेट मोजणं आवाक्याबाहेरचं. त्यासाठी अमिनोअँटिपायरिन या रसायनाने फिनॉलला रंग आणून, तो क्लोरोफॉर्ममध्ये ओढून ४६० नॅनोमीटरला वाचावा लागतो.

मला यातलं सगळ्यात आवडलं ते दोन बीमचं काम. एकाच नमुन्याचे दोन भाग करायचे आणि एकात सोडियम हायड्रॉक्साइड घालायचं. त्या भागातल्या फिनॉलचा पीक, म्हणजे शोषणाचा उंचवटा, २८७ नॅनोमीटरकडे सरकतो, उंचही होतो. साधा भाग रेफरन्सच्या बीममध्ये ठेवायचा, दुसरा सॅम्पलच्या; मशीन दोघांतला फरक दाखवतं. पाण्यातलं नायट्रेटही अतिनील प्रकाश शोषतं, पण ते दोन्हीकडे सारखंच, ते आपोआप वजा होतं. स्क्रीनवर एकटा फिनॉलचा उंचवटा उभा राहतो तेव्हा फार समाधान वाटतं!

पण आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. अल्कली पडली की डोळ्यांदेखत पांढुरकं गढूळ होतं, मग साका बसतो आणि रीडिंग भलतंच येतं. म्हणून नमुना आधी डिस्टिल करायचा. फिनॉल वाफेबरोबर येतं, क्षार मागे राहतात. कंडेन्सरला नळ सोडून ठेवणं लातुरात मला पटत नाही. पिंपात छोटा पंप टाकून तेच पाणी फिरवतो, मे महिन्यात त्यात बर्फाच्या लाद्या टाकतो.

सेल क्वार्ट्जचीच हवी, साधं प्लॅस्टिक हा अतिनील प्रकाश अडवतं. ती ॲसिटोनने खंगाळू नका. त्याचा अंश राहिला तरी २६५ च्या आसपास शोषतो आणि नसलेलं फिनॉल दिसू लागतं.

लाईट गेली की मशीनमधला अतिनील प्रकाशाचा ड्युटेरियम लॅम्प पुन्हा स्थिर व्हायला अर्धा तास जातो, त्यामुळे यूपीएस लागतोच. सर्व्हिसवाला पुण्याहून येतो आणि बोलावूनही आठवडा-आठवडा फिरकत नाही. एक जादा लॅम्प आणून ठेवलेला बरा.