बुडापेस्टचा ७२ तासांचा पास : आईला घेऊन, बेताच्या खर्चात पाहिलेली राजधानी

हंगेरीच्या राजधानीला, बुडापेस्टला निघालेल्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट आधी सांगते. विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकण्याआधी ७२ तासांचा प्रवासपास घ्या. हॉटेल कुठलं, किल्ला कधी, बोट करायची की नाही, ते सगळं मागून बघता येतं.

हा पास बीकेके या तिथल्या शहर वाहतूक संस्थेचा. मेट्रो, ट्राम, बस, ट्रॉलीबस सगळं त्यात येतं. आम्ही २०२४ मध्ये गेलो तेव्हा त्याची किंमत ५५०० फोरिंट (तिथलं चलन) होती, म्हणजे माणशी तेराशे रुपयांच्या आत. सुटं तिकीट तेव्हा ४५० फोरिंटचं होतं. एका मेट्रोतून दुसऱ्या मेट्रोत जायला ते चालतं, पण ट्राम किंवा बस बदलली की नवं तिकीट. बारा-तेरा वेळा चढलात की पास वसूल झाला. जाण्याआधी आताचा दर बघून घ्या, हिशोब मात्र याच पद्धतीने करा.

माझ्यासोबत आई होती. नाशिकच्या पंचवटीत आयुष्य गेलेली, एके काळी रोज पहाटे गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, चालत जाणारी. आता गुडघे साथ देत नाहीत. युरोपात सगळं पायीच बघायचं असतं, तिला कशाला नेतेस, असं घरात बऱ्याच जणांनी ऐकवलं. मी स्वतः सातपूरला कामावर सिटीलिंकच्या शहर बसने जाते. शहर बघायचं तर बसच्या खिडकीतून, ही माझी जुनीच आवड. म्हणून ज्या राजधानीत ट्राम नदीकाठाने धावते आणि पैसेही बेताचे लागतात, ती शोधली.

पास घ्यायचा कसा? विमानतळावर जांभळ्या रंगाची मशीन आहेत, इंग्रजीचा पर्याय आहे, कार्ड चालतं. पास कधीपासून लागू होतो ती वेळ त्यावरच छापलेली असते. सुटं तिकीट ट्राम-बसमध्ये चढल्यावर आणि मेट्रोत शिरण्याआधी मशीनमध्ये घालून छापावं लागतं, या पासला ते लागत नाही. तपासनीस दंडाला पट्टी बांधून मेट्रोच्या दारातच उभे असतात, त्यामुळे पास पर्सच्या तळाशी ठेवू नका.

पहिली बचत विमानतळावरच होते. थेट शहराच्या मध्यात जाणारी १००ई बस या पासवर चालत नाही, तिचं तिकीट वेगळं आणि महाग. २००ई मात्र चालते. ती कोबान्या-किशपेश्त या स्टेशनला सोडते, तिथून एम३ मेट्रो पकडली की मध्यवर्ती देआक चौक. थोडा वेळ जास्त लागतो. बॅगा फार जड असतील तर १००ई घ्या, नाहीतर तेवढे पैसे जेवणाला ठेवा.

आता या पासवरची माझी सर्वांत लाडकी गोष्ट, २ नंबरची ट्राम. पेस्ट म्हणजे शहराचा पूर्वेकडचा भाग, बुडा पश्चिमेकडचा. ही ट्राम पेस्टच्या बाजूने डॅन्यूब नदीच्या अगदी काठाने जाते. यासाई मारी चौकात बसलात की एका हाताला संसद येते, मग १८४९ चा साखळी पूल, समोरच्या टेकडीवर राजवाडा, पुढे फोवाम चौकात १८९७ ची मोठी मंडई. नदीवरच्या बोटीतून जे दाखवतात त्यातलं बरंचसं या खिडकीतून दिसतं. आम्ही नदीच्या बाजूची सीट धरून शेवटापर्यंत गेलो आणि त्याच ट्रामने परत आलो. आई म्हणाली, ‘अगं, पुन्हा एकदा जाऊ या ना, आता ऊन उतरलंय.’ गेलो. पास असला की कोणी पैसे विचारत नाही, हे तिला फार आवडलं. घाटावर बसल्यासारखं वाटतंय, असंही ती म्हणाली.

संसदेजवळ उतरून थोडं चाललात तर काठावर लोखंडाचे साठ जोड बूट दिसतात. २००५ सालचं स्मारक आहे. १९४४-४५ मध्ये अ‍ॅरो क्रॉस या नाझीधार्जिण्या हंगेरियन पक्षाच्या लोकांनी ज्यूंना तिथे उभं करून, बूट काढायला लावून, नदीत गोळ्या घातल्या. बायकांचे आहेत, लहान मुलांचेही आहेत. तिथे फोटोसाठी बुटांत पाय घालणारे लोक पाहिले आणि मन खट्टू झालं. कृपा करून तसं करू नका.

संसदेपासून मेट्रोचं एकच स्टेशन पुढे जा. एम२ डॅन्यूबच्या खालून जाते, बत्यानी चौकाच्या स्टेशनला उतरून वर या. संध्याकाळी दिवे लागल्यावर संसद बघायची ती इथून, पलीकडच्या काठावरून. इमारत १९०४ मध्ये पूर्ण झाली, घुमट ९६ मीटरचा. सेंट स्टीफन बेसिलिका या मोठ्या चर्चचीही उंची तेवढीच. सन ८९६ मध्ये हंगेरियन लोक या भूमीत आले असं मानतात, त्या सालावरून हा आकडा आला. एवढं भव्य दृश्य, आणि त्यासाठी वेगळी दमडी लागली नाही. एक सावधगिरी सांगते. एम२ चे सरकते जिने खोल आहेत आणि आपल्याकडच्या मॉलमधल्या जिन्यांपेक्षा बरेच वेगाने चालतात. वयस्कर माणसाचा हात धरूनच चढा.

गुडघ्यांच्या दृष्टीने सांगायचं तर एम४ सर्वांत सोयीची. २०१४ ची, चालकाशिवाय धावणारी, स्टेशनांवर लिफ्ट. एम१ ला लिफ्ट नाही, पण ती रस्त्याच्या इतकी लगेच खाली आहे की थोड्या पायऱ्या उतरल्या की फलाटच. १८९६ ची ही लाइन युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली भुयारी रेल्वे. पिवळे छोटे डबे, पांढऱ्या टाइलच्या भिंती, लाकडी चौकटी. २००२ मध्ये तिला जागतिक वारशात स्थान मिळालं, आणि तरी लोक त्यातून भाजीच्या पिशव्या घेऊन घरी जातात. वारसा असा वापरात बघायला मला फार आनंद होतो. इथे दोन दिशांचे जिने रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत, तेव्हा पाटी वाचूनच उतरा.

किल्ल्याच्या टेकडीवर जायला सगळे १८७० च्या दोराच्या रेल्वेकडे धावतात. तिथे हा पास चालत नाही. त्याऐवजी देआक चौकातून १६ नंबरची बस घ्या. ती साखळी पुलावरूनच जाते आणि वर थेट वस्तीत सोडते. मच्छीमारांचा बुरूज तिथेच आहे. दिवसा वरच्या गच्चीला तिकीट आहे, खालच्या कमानींतून फुकट बघता येतं. आईला खालच्या कट्ट्यावर बसवून मी वर जाऊन आले. माझ्या मते वरचं तिकीट काढायची गरज नाही.

अर्धा दिवस हाताशी असेल तर दातेरी चाकांच्या रेल्वेने बुडाच्या टेकड्यांवर जा. १८७४ पासून आहे आणि पासमध्ये येते. वर पोहोचलात की थोडं चालून मुलांची रेल्वे लागते. तिचं तिकीट वेगळं काढावं लागतं, पण ते जरूर काढा. दहा ते चौदा वर्षांची मुलं गणवेशात तिकिटं देतात, सिग्नल सांभाळतात, गाडी सुटताना सलाम करतात. इंजिन तेवढं मोठी माणसं चालवतात. एका चिमुरड्या तिकीट तपासनिसाने आईचं तिकीट इतक्या गंभीरपणे तपासलं की तिने पुढे दिवसभर त्याचंच कौतुक केलं.

जेवणाचं थोडक्यात. आई शाकाहारी. लांगोश म्हणजे आंबवलेल्या पिठाची मोठी तळलेली पोळी, वर लसणाचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज. एक दोघींना पुरते. काही ठिकाणी चरबीत तळतात, म्हणून आधी विचारा. मंडईच्या वरच्या मजल्यावर ती महाग पडते, पर्यटकांच्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत घ्या. फोझेलेक नावाची भाज्यांची दाट आमटी मिळते, तीही स्वस्त आणि पोटभरीची, फक्त वर मांसाचा तुकडा नको म्हणून सांगा. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका. घरून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. तूप, पेढे, दुधाचं काहीही युरोपात नेता येत नाही, ते बॅगेत भरू नका.

पैसे देताना कार्डाच्या मशीनने युरो, रुपये की फोरिंट असं विचारलं तर फोरिंटच निवडा. पर्यटकांच्या गर्दीतल्या एका चलनबदलीच्या खिडकीवर आम्हाला जो भाव सांगितला, तो ऐकून आम्ही तिथून निघालो. पासचं मशीन कार्ड घेत असल्यामुळे रोख फार लागलीच नाही.

पासच्या उणिवा सांगायच्या तर विमानतळाची थेट बस आणि दोराची रेल्वे बाहेर राहते, आणि एम१ ला लिफ्ट नाही. तुमचा मुक्काम देआक चौकाच्या आसपास असेल आणि पाय धडधाकट असतील, तर कदाचित दहा सुट्या तिकिटांचा संच पुरेल. आईवडील किंवा लहान मुलं सोबत असतील तर मात्र डोळे झाकून पास घ्या. थकल्यावर पुढची ट्राम पकडून नुसतं बसता येतं, त्यासाठी पुन्हा पाकीट उघडावं लागत नाही.

परतीचं विमान असलेल्या दिवशी पासची वेळ बघून ठेवा. आम्ही येताना दुपारी घेतला होता, त्यामुळे सकाळच्या विमानासाठी एम३ आणि २००ई दोन्ही त्याच पासात बसल्या. मुक्काम त्याहून लांबणार असेल तर शेवटच्या प्रवासाची सुटी तिकिटं आदल्या रात्रीच मेट्रो स्टेशनवरच्या मशीनमधून काढून ठेवा.